खालच्या मजल्यावरच्या बाईंची स्कूटर

लासलगावच्या कांद्याच्या लिलावात ओरडून ओरडून मी इंदिरानगरचा हा फ्लॅट कमावला, पार्किंगसकट. त्या पार्किंगमध्ये खालच्या मजल्यावरच्या बाई स्कूटर लावतात. बाई तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन करतात. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत नाही, दातांत बघतात.

गेल्या आठवड्यात मी त्यांना लिलावातल्या आवाजात झापत होतो. बाईंनी मोबाईलचा टॉर्च लावला आणि सरळ माझ्या उघड्या तोंडात मारला.

"काका, तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवा."

दोनच गेली. "माझी बोटं जाड आहेत," मी म्हणालो.

"तोंडही काही लहान नाही तुमचं, पण पुरतं उघडत नाही. गालात पांढरा चट्टा आहे. तंबाखू?"

"चिमूटभर."

मग म्हणाल्या, पेशीच्या अंगावर निरोप ऐकणारे कान असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. 'वाढ' असा निरोप आला की पेशी वाढते. या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा ते कान बेसुमार होतात आणि कुणी न सांगताही पेशी वाढत सुटते.

"म्हणजे बोली नसताना भाव चढतो?"

"हो, आणि लिलाव थांबवणारं कुणी नसतं. त्या चट्ट्याचा तुकडा तपासायला द्या."

"अन् स्कूटर?"

"रिपोर्ट आणून दाखवा, लगेच काढते."

सौदा बरा वाटला. तुकडा दिला. रिपोर्ट कालच तयार झालाय, लॅब कोपऱ्यावरच आहे, तरी मी तो आणायला गेलेलो नाही. स्कूटर अजून माझ्या जागेत उभी आहे, माझी गाडी रस्त्यावर उन्हात तापतेय, आणि मी त्या बाईंना एका शब्दाने बोललेलो नाही.