वहाब पिंजाऱ्याची भिंत

वाशीमहून रिसोडला जाताना मधे आमचं गाव लागतं. मी पंचफुला, त्या गावात सून म्हणून आले तेव्हा सोळा वर्षांची होते आणि शाळेचं दुसरं पुस्तकही पुरतं वाचून झालं नव्हतं. अशा बाईने संशोधनाबद्दल लिहावं म्हणजे गंमतच आहे. पण ही गोष्ट माहीत असलेलं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

आमच्या घराला लागून वहाबकाकाचं घर होतं. जातीचा पिंजारी. बायको बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं, पुढे त्याने लग्न केलं नाही. दिवसभर पिंजणीची तार वाजे. ती थांबली की त्या घरातून दुसरा आवाज म्हणून येत नसे.

गावभरची रुई त्याच्याकडे यायची, गाद्यांसाठी, रजयांसाठी. पिंजताना पिवळी, डागी रुई तो बोटांनी वेचून काढी. बोंडात अळी शिरली की असा कापूस निघतो, आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. कवडी सगळेच पिंजारी वेचतात. वहाबकाका वेचून मोजायचा. कोणाच्या वावरातल्या रुईत किती मुठी कवडी निघाली, आणि त्या माणसाने वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, होळीआधी उपटून चुलीत घातल्या की पावसाळ्यापर्यंत वावरात तशाच उभ्या ठेवल्या, हे तो चौदा वर्षं पाहत होता. त्याचं म्हणणं एवढंच, की अळी उभ्या पऱ्हाटीत दडून बसते आणि पुढच्या साली पुन्हा बोंडात शिरते.

माझे सासरे, बबनराव, त्याला ओसरीवरून म्हणत, "वहाबमिया, तू गाद्या भर. वावराचं आमी पाहून घेऊ." लोक हसत. तोही हसे आणि घरात जाई. त्याच्यापाठोपाठ आत कोणी जात नसे.

ऐकून घेणारे एकटे शाळेचे शालिग्राम मास्तर. त्यांच्याकडे नागपूरचं एक मासिक यायचं. सन अडतीसच्या आसपास त्यात एका विज्ञान सभेची सूचना आली. दर साली उत्तम संशोधन करणाऱ्याला सभा पदक देते, वार्षिक संमेलनात त्याचं नाव पुकारते आणि त्याचं काम सगळ्यांसमोर वाचून दाखवते. मास्तरांनी वहाबकाकाच्या चौदा वर्षांची गोळाबेरीज दोन पानांत लिहून पाठवली. माघात उत्तर आलं. काम चांगलं दिसतं, मूळ नोंद पाहायला दोन सभासद येतील, मग ठरवू.

पदक सोन्याचं असतं की चांदीचं, यावर पारावर दोन दिवस वाद झाला. वहाबकाकाने मास्तरांना भलतंच विचारलं. मी विहिरीवर होते म्हणून ऐकलं.

"वाचून झाल्यावर लोक मले काही इचारतीन का, मास्तर?"

मास्तर म्हणाले, विचारतील ना, तासभर विचारतील. तो माणूस इतका खूश झाला की रिकामी बादली घेऊनच घरी गेला.

पाहुणे यायच्या दिवशी तो आणि मास्तर आमची बैलांची दमणी जुंपून सकाळीच वाशीमच्या ठेसनावर गेले. इकडे माझ्या सासूबाई, प्रयागबाई, त्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"नागपूरचे लोक येऊन राह्यले अन् घर पाय कसं काळंकुट्ट," त्या म्हणाल्या. "चाल, पांढरी माती भिजव."

नोंद म्हणजे वही, आणि वही पेटीत असणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. कागदाशिवाय कुठे नोंद असते हे आम्हा बायांना ठाऊक नव्हतं. मी माती कालवली, पोतेरं घेतलं आणि पहिल्यांदा त्या घरात शिरले. आतल्या मोठ्या भिंतीवर कोळशाच्या रेघांच्या रांगा होत्या, मधेमधे गेरूचे ठिपके.

"आत्याबाई, ह्या कायच्या?"

"गवळ्याच्या हिशोबाच्या असतीन. मार पोतेरं."

कामात मी कधी कुचराई केली नाही, हे माझं दुर्दैव.

दुपारी दमणी आली. पाहुण्यांत एक चष्मेवाले म्हातारे, एक तरुण. त्यांनी वाटेतच वहाबकाकाला प्रश्न विचारायला सुरुवात केली असावी, कारण उतरतानाही तो बोलतच होता, हातवारे करत. त्याला एवढं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. बोलत बोलत आत गेला, भिंतीकडे हात केला, आणि हात तसाच राहिला.

भिंत अजून ओली होती. मास्तरांनी बोट लावून पाहिलं, ते पांढरं झालं.

मी दाराआड होते, पदर ओढून, सासूबाईंच्या मागे. आपण काय करून बसलो ते मला तिथे कळलं. वहाबकाका हळू आवाजात सांगू लागला. एक रेघ म्हणजे एक मूठ कवडी. रांगेच्या आधी गेरूचा ठिपका म्हणजे त्या साली त्या वावरात पऱ्हाट्या उभ्या राहिल्या होत्या. मग पहिल्या सालापासून एकेक वावर तो तोंडपाठ म्हणू लागला. तरुण पाहुण्याने थोडं लिहून घेतलं, मग त्याची लेखणी थांबली. म्हाताऱ्यांनी सांगितलं, सभा नुसत्या आठवणीवर काही देत नाही, आणि अर्ज लिहिणाऱ्या मास्तरांची साक्षही धरत नाही. माणूस भला होता. त्यानेच वाट काढून दिली.

"तुमच्या नकळत कोणी सारवलं असेल तर त्याला बोलवा," ते म्हणाले. "सारवण्याआधी भिंतीवर काय दिसलं ते त्यानं सांगावं. आम्ही साक्ष म्हणून लिहून घेऊ."

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. नव्या सुनेने परक्या पुरुषांसमोर तोंड उघडायचं, तेही आपली चूक सांगायला, हे आमच्या घरात होणारं नव्हतं. मनगट धरलं नसतं तरी मी पुढे गेले असते का, कोण जाणे.

वहाबकाकाने एकदा दाराकडे पाहिलं. माझे हात कोपरापर्यंत पांढरे होते.

"नाही साहेब," तो म्हणाला. "मीच सांगतलं होतं सारवाले. पाहुणे येनार म्हनून."

तरुणाने वही मिटली. चहा झाला, दमणी परत गेली.

चैत्रात कागद आला. अर्जदाराने मूळ नोंद स्वतःच नष्ट केल्याने विचार करता येत नाही. त्या सालचं पदक दुसऱ्या कोणाला मिळालं, त्याचंही काम चांगलंच असेल. मास्तर सभेवर चिडले नाहीत, वहाबकाकावर चिडले. आपण एवढा खटाटोप करायचा आणि या माणसाने आपल्या हाताने भिंत पुसायला लावायची! त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आषाढात त्यांची बदली झाली, तेव्हाही ते न बोलताच गेले.

त्या दिवशी मी धीर केला. काका पिंजणीची तार कसत बसला होता.

"काका, माहं नाव काहून नाही सांगतलं?"

त्याने तारेला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाला, "ती गेल्यापासून या घराले बाईमानसाचा हात लागला नोता, पोरी. लय साफ सारवली तू भिंत."

मी म्हटलं, मास्तरांना पत्र टाकून खरं कळवते. त्याने मान हलवली. आता कोण विचारतंय, म्हणाला.

त्यानंतर सहा वर्षं तो जगला. कवडी वेची आणि फेकून देई, मोजत नसे. दर दिवाळीला मी त्याचं घर सारवायला जाई, तो बाहेर बसून पावसापाण्याचं बोले. कापसाबद्दल त्याला काही विचारावं असं माझ्या मनात येई, पण काय विचारायचं ते सुचत नसे. काहीही विचारलं असतं तरी चाललं असतं, हे आता कळतं.

त्या पाहुण्यांपैकी कोणी जिवंत नसेल. तरी साक्ष लिहून ठेवते. भिंत मी सारवली, त्याच्या नकळत. सारवण्याआधी मी ती डोळ्यांनी पाहिली. जिथे रांगेच्या आधी गेरूचा ठिपका होता तिथे रेघा इतक्या दाट होत्या की पोतेरं तीनतीनदा फिरवावं लागलं. जिथे ठिपका नव्हता, तिथे एका हातात भिंत पांढरी झाली.