खाऱ्या पाण्याचा एल्बो

मुलीने मालवणचा बोटवाला मुलगा पसंत केला तेव्हा मी ग्वाल्हेरला आमच्या घरी भर बैठकीत म्हणालो होतो, की पोरीला पाण्यातच ढकलायचं तर आपलं तिघऱ्याचं धरण काय वाईट होतं. सगळे हसले, होणारे जावई तेवढे हसले नाहीत. लग्न झालं, पण पुढची दोन वर्षं आम्ही दोघं मुलीमार्फतच बोललो. बाबांना सांग, आंबे पाठवलेत. त्यांना सांग, मिळाले. चूक माझी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, पण आमचे पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन आले होते. माफी कशी मागतात हे घरात कोणी शिकवलंच नाही.

मग एका पावसाळ्यानंतर जावयांच्या बोटीचा एक्झॉस्टचा एल्बो सडला. एल्बो म्हणजे इंजिनाच्या मागचा वाकडा पाईप. पंप समुद्राचं पाणी ओढून त्यात सोडतो, ते पाणी धुराला गार करतं आणि धुरासकट मागून बाहेर पडतं. मीठ मात्र आतून लोखंड खात बसतं. मुलीने हे फोनवर सांगितलं आणि माझ्या अंगात संचारलं. जयेंद्रगंजात तीस वर्षं डिझेल जनरेटर दुरुस्त केलेला माणूस मी. म्हटलं, जुना पार्ट कुरिअरने पाठव, नवा मी बनवून आणतो आणि मीच बसवतो. पलीकडून विहीणबाईंनी विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, ग्वाल्हेरला समुद्र कुठे आहे म्हणून.

डेअरीच्या स्टीलच्या टाक्या बनवणारा एक कारागीर माझ्या ओळखीचा. चार दिवस मी त्याच्या डोक्यावर बसलो. वेल्डिंग झाल्यावर आतून तीनदा हवा मारायला लावली. पाण्याच्या वाटेत धुळीचा कण राहता कामा नये, असं त्याला इतक्यांदा बजावलं की शेवटी त्याने मला चहा पाजून बाहेर बसवलं.

निघायच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. दर्पण कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या दिवशी पणजोबांची तलवार पूजेला निघते, आणि तिच्या शेजारी माझे पाने. यंदा मधोमध एल्बो बसवला. हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, पण गोल पाईपवर झेंडू काही टिकेना. तेव्हा मी स्वतःच्या हाताने फूल पाण्याच्या नळीच्या तोंडात खोचलं. संध्याकाळी ते दिसलं नाही. बायकोने काढलं असेल असं मी गृहीत धरलं, लाल कापडात एल्बो गुंडाळला आणि दोन दिवस गाडीत मांडीवर घेऊन बसलो.

मालवणला बोटीच्या पोटात मी आणि जावई, दोघंच. तिथे मधे मुलगी नव्हती, त्यामुळे बोलावंच लागलं. पाना द्या. घ्या. गंजलेला एक बोल्ट हातात मोडून आला तेव्हा दोघांनी मिळून त्याला शिव्या घातल्या, आणि दोन वर्षांत आमचं तेवढंच एक मनमोकळं संभाषण झालं. नवं गॅस्केट घातलं, एल्बो बसवला, नळीचे क्लॅम्प आवळले. धक्क्यावर विहीणबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या.

इंजिन सुरू झालं. मागून पाण्याची पिचकारी उडायला हवी होती. चार थेंब पडले, मग नुसता धूर. रबरी नळीचा वास सुटला तसा मी ओरडून इंजिन बंद करवलं.

"पंप बिलकुल बेकार होऊन गेला आहे तुमचा," मी ठासून म्हणालो.

जावयांनी निमूटपणे पंप उघडून दाखवला. तो ठणठणीत होता. मग मी नळीवर संशय घेतला, मग गाळणीवर, आणि शेवटी समुद्रावरच घेणार होतो. जावयांनी एल्बोवरची पाण्याची नळी काढली आणि आत तार घातली. तारेला लागून एक काळवंडलेला, भिजलेला झेंडू बाहेर आला. मागोमाग दोन अक्षता.

मला वाटलं, बोटीला भोक असतं तर बरं झालं असतं. हा माणूस आता वर जाणार, धक्काभर लोकांना हे फूल दाखवणार आणि बैठकीतल्या त्या वाक्याचा हिशेब चुकता करणार. मी असतो तर तेच केलं असतं.

"काय होतं रे?" वरून विहीणबाईंनी विचारलं.

जावयांनी फूल मुठीत मिटलं. "शेवाळ होतं गं."

पुन्हा इंजिन सुरू केलं. मागून पाणी असं उडालं की विहीणबाईंना खुर्ची मागे सरकवावी लागली.

कुरिअरने आलेला जुना एल्बो मी घरीच जपून ठेवला होता. पुढच्या खंडेनवमीला तो तलवारीशेजारी ठेवून हळदकुंकू लावत होतो, तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा नव्हता, जावयांचा होता, थेट मला.

"बाबा, इंजिनाची पूजा झाली. फूल बाहेरून वाहिलंय."

मी हसलो. आणि हसता हसताच, तीन वर्षं घशात अडकलेलं बाहेर पडलं. "त्या दिवशी बैठकीत मी फार वाईट बोलून गेलो हो. माफ करून टाका."



"ते शेवाळ होतं, बाबा," जावई म्हणाले. "निघालं."