सव्वासातची खरखर

प्रभावती मगदूम यांनी बावीस वर्षं कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून दिले. पलीकडचा माणूस नुसता "हॅलो" म्हणाला तरी तो घाईत आहे, रडून आलाय की जेवणावरून उठलाय, हे त्यांना कळायचं. पुढं ट्रंक कॉलच बंद झाले आणि बाईंना बिलं घ्यायच्या खिडकीवर बसवलं. काम सोपं होतं, पण कानांना काही उद्योग उरला नाही. तेव्हा पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाची, परीक्षा दिली, सरकारी परवाना मिळवला आणि एक जुना जपानी सेट घेतला. त्यांचे मिस्टर पार्श्वनाथ बियाणांचं दुकान चालवायचे. "आता घरातनं पण फोन जोडणार काय?" असं म्हणत म्हणत त्यांनीच कसबा बावड्यातल्या घराच्या गच्चीवर दोन लोखंडी पाईप उभे केले आणि मधे तांब्याची तार ताणून दिली. पार्श्वनाथांना जाऊन सहा वर्षं झाली. बाई आता सदुसष्ट वर्षांच्या आहेत.

रोज सकाळी सव्वासातला त्या सेटसमोर बसतात. त्या वेळी सांगली, निपाणी, बेळगाव इकडचे पाच-सहा हौशी लोक एकाच फ्रिक्वेन्सीवर येतात, एकमेकांची हजेरी घेतात, हवापाणी विचारतात आणि आठच्या आत आपापल्या कामाला लागतात. त्यांतले एक चनबसाप्पा मास्तर. प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. चंदगडच्या पलीकडं काजूच्या बागेत त्यांचं घर. बायको बसव्वा गेल्यापासून ते एकटेच राहतात. मोबाईलला रेंज हवी तर टेकाड चढून जावं लागतं. सेट त्यांनी स्वतः जोडलेला, ताकद पाच वॅटची, म्हणजे झीरोच्या बल्बाएवढी. नऊ वर्षांत बाईंनी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. पण तीन वर्षांमागं मास्तर सलग दोन दिवस हजेरीला आले नाहीत, तेव्हा बाईंनीच त्यांच्या गावच्या किराणा दुकानात फोन लावून माणूस धाडला होता. मास्तर तापानं फणफणून पडले होते. तेव्हापासून ठरूनच गेलं. सव्वासातला मास्तरांचा आवाज आला की मास्तर बरे आहेत.

गेल्या वर्षी दिवाळी तोंडावर आली आणि सेटमध्ये खरखर सुरू झाली.

खरखर कसली, घरघरच ती. कुणीतरी रिकामं जातं फिरवत बसावं तशी. सांगलीवाल्यांचा दणदणीत आवाज तिच्यातून वर यायचा, पण मास्तरांचा आवाज पार बुडून गेला. निपाणीचे अभिनंदन शेटे सांगायचे, "आक्का, मास्तर तुम्हाला हाका मारतायत की! आलेत ते, बरे आहेत." बाई "बरं, बरं" म्हणायच्या आणि सेट बंद करून तशाच बसून राहायच्या. मास्तर "बरा हाय" म्हणताना मधे दम घेतात का, खोकला दाबतात का, हे अभिनंदनला कुठून कळणार?

शेवटी बाईंनी पदर खोचला. आधी सेटमागची अँटेनाची वायर काढली. घरघर एकदम थांबली. म्हणजे सेटमध्ये खोट नाही, आवाज बाहेरून तारेवाटे आत येतोय. गच्चीवर जाऊन त्यांनी तारेचे सांधे पॉलिश पेपरनं घासले, पुन्हा कथलाचे डाग दिले. काही फरक नाही. मग सेट मोटारीच्या बॅटरीला जोडला आणि घराचा मेन स्विच पाडला. फ्रीज गप्प झाला, पंखा थांबला, घरघर मात्र तशीच. म्हणजे आपल्या घरातल्या कुठल्या वस्तूचं हे काम नाही. चार दिवस त्यांनी सकाळ, दुपार, संध्याकाळ सेट लावून पाहिला. आवाजाचा जोर दाखवणारा काटा कायम नऊच्या खुणेवर. जे काय होतं ते दिवसभर चालूच होतं.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी सातला गल्लीची लाईट गेली. बाईंनी सेट बॅटरीवर लावला आणि त्यांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. घरघर साफ गेली होती. सव्वासातला त्या शांततेत मास्तरांचा बारीक, कानडी वळणाचा आवाज आला.

"आक्का, आज तरी ऐकू येतंय न्हवं? ओव्हर."

"अगदी समोर बसल्यासारखं, मास्तर! कसे आहात? ओव्हर."

"हौद, हौद!" आनंद झाला की मास्तरांच्या तोंडून कानडीतलं हो निघायचं. "मी बरा हाय. दव लई पडलंय. काजूला मोहोर धरलाय. तुमी बोलंना म्हणून पयल्यांदा मला वाटलं, आक्का रागावल्या काय की. मग शेटेंनी खरखरीचं सांगितलं."

दीड महिना ते रोज हाका मारत होते, आणि आपण उत्तर देत नाही म्हणून त्यांना असंही वाटून गेलं! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी दोघं आठ वाजून गेले तरी बोलत होती. नऊच्या सुमाराला लाईट आली आणि तिच्याबरोबर घरघरही. रोज सकाळी अशीच दोन तास लाईट जावी, असं बाईंच्या मनात येऊन गेलं.

पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. घरघर करणारी वस्तू याच गल्लीत होती आणि विजेवर चालत होती. बाईंनी कपाटातला हातात मावणारा ट्रान्झिस्टर काढला. दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवला की त्यात तीच घरघर ऐकू यायची, जवळ जाईल तशी वाढायची. ट्रान्झिस्टर कानाशी धरून बाई गल्लीत फिरू लागल्या. "काकू, मॅच लागली काय? स्कोअर किती?" असं कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं विचारलं. बाई हसल्या आणि पुढं गेल्या. कोपऱ्यापलीकडं तिसऱ्या घराच्या खिडकीखाली ट्रान्झिस्टर असा काही किंचाळला की त्या दचकल्याच.

दार उघडून एक पन्नाशी ओलांडलेली बाई बाहेर आली. हात ओले, केस कसेतरी बांधलेले.

"काय पायजे? काय इकायला आलाय काय, पावणं? आमास्नी काय नको."

प्रभावतीबाईंनी आपलं नाव सांगितलं, घर दाखवलं. रेडिओ, घरघर, चंदगडचे मास्तर, जमेल तेवढं थोडक्यात सांगितलं. ऐकता ऐकता त्या बाईचा चेहरा घट्ट होत गेला.

"म्हंजे आमची मशीन बंद करा म्हणायला आलाय व्हय? ती बंद हुणार न्हाय. सांगून ठेवतो."

"बंद करा म्हणत नाही हो. कसली मशीन आहे ते एकदा बघू दे मला."

ती जरा वेळ दारात अडून उभी राहिली. मग बाजूला झाली.

आत खाटेवर फुगवलेली निळी गादी होती, आणि गादीवर एक मोठ्या हाडापेराचा माणूस उताणा पडला होता. जोतीराम, त्या बाईचा, तानाबाईचा नवरा. तीस वर्षं एस.टी.चा ड्रायव्हर. दोन वर्षांमागं झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. झोपून झोपून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी हवेची गादी सांगितली होती. खाटेच्या पायथ्याला अडकवलेला छोटा पंप तिच्या कप्प्यांत आळीपाळीनं हवा भरत होता. पंपाचा मूळ अडॅप्टर दिवाळीआधी जळाला. तानाबाईनं घाईघाईनं बाजारातून मिळाला तो बिननावाचा आणून लावला.

बाईंनी अडॅप्टरला हात लावला. चटका बसला. ट्रान्झिस्टर जवळ नेला, तर तो ऐकवेना.

"हाच," त्या म्हणाल्या. "ताई, हा फार तापतोय. कधीतरी पेट घेईल."

"मग काय करू? ह्यो बंद पडला की गादी बसती. त्या मंगळवारी लाईट गेल्ती न्हवं? दोन तास यांस्नी ह्या कुशीवरनं त्या कुशीवर करत बसलोतो मी. पाठीची जखम सुकत आल्ती, ती परत वलावली."

बाईंनी ट्रान्झिस्टरचं बटण बंद केलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी लाईट गेली म्हणून मी मात्र खूश झाले होते, ताई. मास्तरांचा आवाज आला ना. रोज अशीच जावी, असं मनात आलं होतं माझ्या."

तानाबाईनं खाटेजवळचं स्टूल पुढं ओढलं. "तुमास्नी काय म्हाईत, घरात कोण पडलंय," ती हळूच म्हणाली. "बसा. च्या ठेवतो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मंगळवार पेठेतल्या ओळखीच्या दुकानातून एक वजनदार ट्रान्स्फॉर्मर, चार डायोड आणि दोन मोठे कपॅसिटर आणले. आजचे स्वस्त अडॅप्टर हलके असतात आणि आवाज गाळायचे भाग त्यांत घातलेलेच नसतात. बाईंनी जुन्या पद्धतीचा, विटेएवढा जड, पण तोंडातून ब्र न काढणारा सप्लाय तयार केला. त्याच्या बाजूला स्कूटरची एक बॅटरी अशी जोडली की लाईट गेली तरी पंप चार तास चालावा. हात पूर्वीसारखा स्थिर राहत नव्हता, डाग देताना दोनदा बोट भाजलं. तरी त्यांनी ते लगेच नेलं नाही. पंपाएवढा भार होईल असा बल्ब लावून तीन दिवस स्वतःच्या घरी चालू ठेवलं, मधेच मेन पाडून पाहिला, तासातासाला हात लावून तापतंय का बघितलं. आपल्या हातून गादी बसली तर तानाबाईला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी सातला त्या सप्लाय आणि एक छोटा रिसीव्हर पिशवीत घालून तानाबाईकडं गेल्या. अडॅप्टर बदलला. पंप फुसफुसत पुन्हा चालू झाला. घरघर गेली का ते तिथंच ऐकायचं म्हणून त्यांनी रिसीव्हर खिडकीत ठेवून तार बाहेर सोडली. आवाज स्वच्छ होता. सव्वासात झाले आणि अभिनंदनच्या पाठोपाठ मास्तर आले.

"चंदगडातनं चनबसाप्पा बोलतोय. आक्का आज न्हाईत काय? हिकडं धुकं लई हाय. कोल्हापूरची गाडी अजून लाईट लावूनच चालल्या. नेसरीच्या पुढच्या वळणावर तर समोरचं काय दिसंना, म्हणतोय ड्रायव्हर."

खाटेवरून एक आवाज आला. घशातून निघालेला, अर्धवट. दोघीही वळल्या. जोतीरामनं मान रिसीव्हरकडं फिरवली होती. त्याचा डावा हात गादीवरून उचलला गेला, मूठ वळली आणि ती मूठ मागं ओढून त्यानं खाली दाबली. थांबून पुन्हा तसंच.

"काय हवंय त्यांना?" बाईंनी विचारलं.

तानाबाईनं पदर तोंडाला लावला होता. "काय नको," ती म्हणाली. "गेर टाकाल्यात. वळण आलं न्हवं. चौदा वर्षं चंदगडचीच गाडी हुती यांच्याकडं."

त्या दिवशी बाई घरी येऊन सेटवर बसल्या तेव्हा मास्तर अजून होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं.

"आक्का," मग मास्तर म्हणाले, "त्या गाडीनं मी कैक खेपा गेलतो. ड्रायव्हरचं तोंड कोण बघतंय? पाठ तेवढी बघितल्या. त्यांस्नी उद्या ऐकायला सांगा."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर हजेरी दिली की आधी रस्ता सांगू लागले. त्यासाठी ते पहाटे उठून फाट्यापर्यंत चालत जायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. कुठं खड्डा बुजवला, कुठल्या वळणावर फणसाची फांदी आडवी आली, सहाची गाडी किती उशिरा आली, कंडक्टर कोण होता. बाईंनी रिसीव्हर तानाबाईकडंच ठेवला. परवाना नसताना त्यावरून बोलायला बंदी, आणि तशी सोयही त्यात नव्हती. ऐकायला काही आडकाठी नव्हती.

फेब्रुवारीत मास्तर मोतीबिंदू दाखवायला कोल्हापूरला आले. बाई स्टँडवर घ्यायला गेल्या. आवाजावरून त्यांनी उंच माणूस धरला होता. निघाले ते खांद्याएवढे, हातात काजूची पिशवी, डोक्याला मफलर. दोघांना समोरासमोर काय बोलावं ते सुचेना. रिक्षात बसल्यावर मास्तर म्हणाले, "हवा बरी हाय," आणि सवयीनं पुढं "ओव्हर" म्हणून गेले. रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. मग जे हसू फुटलं ते बावडा येईपर्यंत थांबलं नाही.

जोतीरामच्या खाटेजवळ मास्तर तासभर बसले. बोलले फारसं नाहीत. त्याचा डावा हात तेवढा आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. निघताना जोतीरामनं हात सोडला नाही, तेव्हा आणखी थोडा वेळ बसले.

जोतीरामची वाचा परत आलेली नाही, डॉक्टरांनाही आशा नाही. पाठीची जखम मात्र भरली. सकाळचा तो पाऊण तास त्याला कुणी लागत नाही, एवढं तानाबाईला उमगलंय. त्या वेळात ती गच्चीवर जाते, उन्हात पाय पसरून खालच्या खिडकीतल्या रिसीव्हरचा आवाज ऐकत बसते आणि सावकाश केस विंचरते. कधी प्रभावतीबाई हजेरी आटोपून तार बघायला आपल्या गच्चीवर येतात, तेव्हा ती तिकडून ओरडते, "आक्का, आज चंदगडात ऊन हाय म्हणं!"