सरळ केलेला अ‍ॅक्सल

माझ्या बहिणीचा नवरा हॉयट प्रूइट याला वाकडी वस्तू बघवत नसे. वाटेत वाकडा खिळा सापडला तरी घरी आणून दगडावर ठोकून सरळ करायचा. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला की आधी भिंतीवरची तसबीर नीट करायचा, मग खुर्चीला टेकायचा. नेल्डा, म्हणजे माझी बहीण, सांगायची, "आमच्या लग्नात पाद्रीबाबाचा गळपट्टा तिरका झालता. ह्यानं 'होय' म्हणायच्या आधी तो सरळ केला."

हॉयट दरवर्षी दोन एकर गोड ज्वारी लावायचा. पण ती गाळून काकवी करायला त्याला दुसऱ्याच्या दारात जावं लागायचं, आणि ते त्याला फार खुपायचं. त्याच्या बापाचा मोठा लोखंडी चरक होता. बापानं तो तीस वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या एकाला विकून टाकला. त्या जुलैत त्या माणसाच्या लेकीचा फोन आला. बाप वारला होता आणि ती जमीन विकून चालली होती. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी भंगारवाला येणार, त्याआधी न्याल तर चरक तुमचा, असं ती म्हणाली.

चरक दीड टनाचा. आमच्यापैकी कुणाचाच ट्रेलर एवढं वजन पेलणारा नव्हता. तेव्हा हॉयटनं स्वतःच ट्रेलर करायचं ठरवलं.

आमच्या आर्कान्साच्या डोंगरात निम्मी घरं कारखान्यातून तयार होऊन येतात, स्वतःच्या चाकांवर. एकदा विटांच्या थप्प्यांवर टेकली की पुन्हा जन्मात हलत नाहीत. खालचे अ‍ॅक्सल म्हणजे दोन चाकं जोडणारे लोखंडी दांडे मग गवतात गंजत पडतात, आणि ज्याला ट्रेलर करायचा तो ते उचलून नेतो. हॉयटनं आमच्या मावशीच्या घराखालून एक काढला. काढला आणि त्याचं कपाळ आठ्यांनी भरलं. अ‍ॅक्सल मधोमध वर उचललेला होता, धनुष्यासारखा.

"घराच्या ओझ्यानं वाकलाय बिचारा," तो म्हणाला.

मावशीचा शेजारी बर्ल गॅडी कुंपणावर कोपरं टेकून बघत उभा होता. बर्लनं आयुष्यभर ही घरं ओढून नेण्याचं काम केलेलं. तो म्हणाला, "हॉयट, ओझ्यानं वाकला असता तर खाली वाकला असता का वर? तो बाक मुद्दाम ठेवलेला असतोय. वजन आलं की सरळ व्हतो."

"तू घरं ओढलीस बर्ल, बनवली न्हाईस."

"बरं बाबा. तुझा अ‍ॅक्सल, तुझं डोस्कं."

घराचा अ‍ॅक्सल ट्रेलरला फार रुंद पडतो, म्हणून मधला तुकडा कापावाच लागतो. हॉयटनं तो कापला, आत घट्ट बसणारी नळी घातली आणि दोरी ताणून, पाणसळ लावून, केसाचाही फरक न ठेवता जोडला. मला मुद्दाम बोलावून दाखवला. "डोळा लावून बघ." मी बघितलं. बंदुकीच्या नळीसारखा सरळ.

ऑगस्टात त्यानं खडी भरून आणली. डावं टायर आतल्या कडेनं सोलून निघालं. "टायर जुनं व्हतं," हॉयट म्हणाला. दुसरं चढवलं, लाकडं आणली, उजवं गेलं. मग त्याचा संशय रिंगवर गेला. या चाकांची रिंग मधून पोकळ असते, पाच पाचरींनी आवळून बसवायची. दोन दिवस तो जमिनीवर बसून चाक फिरवत, खडूची खूण करत, एकेक पाचर आवळत बसला. चाक जरासुद्धा डगमगेना. तरी टायर खाल्लं गेलंच. मग रस्त्याला शिव्या, मग खडीवाल्याला.

गावातल्या टायरवाल्यानं तर हातच लावला नाही. "ह्यावर काय लिवलंय ते वाच. फकस्त घर न्यायला. असलं टायर मी ठेवत न्हाई आन् चढवतबी न्हाई."

"मग मी काय करू?"

"घर घेऊन ये की!"

त्या रिंगला दुसरं टायर बसत नाही, म्हणून हॉयट महिनाभर कुणाच्याही घराखाली वाकून बघत हिंडला. शेवटी तीन धड टायरं जमली. दोन चढवली, एक जादा ठेवलं.

शुक्रवारी आम्ही दोघं गेलो. रिकामा ट्रेलर छान पळाला, हॉयट शीळ घालत होता. तिथल्या लोकांनी चरक चढवून दिला. मी मागून बघितलं, तर अ‍ॅक्सलनं पोट खाली सोडलेलं आणि चाकं फेंगडी झालेली, वरून आत, खालून बाहेर. मी म्हटलं, "हॉयट, खाली उतरून बघ जरा."

त्यानं बघितलं. मग म्हणाला, "बस गाडीत."

उतारावर पहिलं फुटलं. जादा होतं ते चढवलं. बर्लच्या फाटकासमोर दुसरं फुटलं, घर तिथून चार मैलांवर. वळणावर ट्रेलर अर्धा रस्त्यात, आणि लाकडांचे ट्रक भोंगे वाजवत अंगावरून जात होते.

बर्ल ट्रॅक्टर घेऊनच बाहेर आला. वाकून अ‍ॅक्सलखाली बघितलं.

"बोल की," हॉयट खेकसला. "दोन महिने पोटात धरून बसलायस, बोल!"

"आता काय बोलू? तूच बघतोयस की." बर्लनं टोपी मागं सारली. "ह्यो माझा ट्रॅक्टर फळ्यांवरनं चरक खाली ओढंल, परत वर उचलणार न्हाई. माझ्या कुरणात ठेव. रविवारी हिव पडतंय म्हणत्यात."

"मी अ‍ॅक्सल पुन्हा कापतो. बाक घालतो."

"घाल की. पण टायर कुठलं घालशील? आन् हिव पडलं की ज्वारी गेली म्हणून समज."

हॉयट फाटकाच्या खांबाला धरून उभा राहिला. बापाचा चरक हाताच्या अंतरावर, आणि गाळायला परत दुसऱ्याचंच दार. त्यानं बुटानं फुटक्या टायरला लाथ घातली, पाय दुखावला, आणि टायरच्या आईबापाचा उद्धार केला.

"कुरण उताराचं हाय तुझं," तो शेवटी म्हणाला.

"तर मग फळ्या घे आन् सपाट करून दे," बर्ल म्हणाला.

आम्ही फळ्या लावल्या, साखळी बांधली. चरक करकरत गवतात उतरला. शनिवारी सकाळी हॉयट ज्वारीची पहिली खेप घेऊन बर्लच्या फाटकाशी हजर झाला, माझ्या पिकअपमधून. नेल्डा कढई घेऊन मागं बसली होती.