परातीतला बांध

सोनूबाई, तुझी भीती मला पहिल्यांदा दिसली ती वाटूरच्या अंगणवाडीत, सत्त्याऐंशी साली. वजनाच्या झोळीत तुझा कडूबा लोंबकळत होता आणि तू भिंतीकडे तोंड करून उभी होतीस. पहिलं मूल असंच वाळत गेलं, म्हणून दुसऱ्याचं नाव कडूबा ठेवलेलं. कडू जिन्नस मरणाला नको असतो म्हणे. नावाने वजन वाढत नाही, हे मी तुला तिथेच सुनावलं.

"मंग कशानं वाढतं, बाई?" एवढंच विचारलंस.

मी अंगणवाडीची बाई, त्यात तुझी शेजारीण; दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या घरी येऊन बसले. सगळी पोरं एकाच परातीत जेवायची, भाकरी-वरणाचा काला. जावेची तिघं तोंडातला घास गिळायच्या आत दुसरा उचलत. कडूबा घास गालात धरून बसे. त्याचा तो उतरेपर्यंत परात चकचकीत. तोही बोटं चाटत उठला. तुझ्या सासूने, दुर्गाबाईंनी, "जेवलं का रे?" विचारलं आणि उत्तराआधीच परात उचलली.

मी म्हटलं, "याला ताट वेगळं द्या."

"आज ताट, उद्या चूल," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुमच्यात चालत असंल, बाई. आमचं घर एका परातीवर चालून राह्यलं."

तुझ्या तोंडचं पाणी पळालं. पोर जाईल ही धास्ती होतीच, आता घर फोडल्याचा बोल. मला संताप आला, पण तुझ्याकडे पाहून विषय तिथेच सोडला.

संध्याकाळी तू काला केलास आणि भाकरीची जाड कड परातीत आडवी रोवलीस. "हा बांध. अलीकडचं कडूबाचं. बांध कोरायचा न्हाई."

थोरला पुतण्या म्हणाला, "काकू, तलाठ्याला बोलावू का?"

दुर्गाबाईंना हसू फुटलं आणि बांध राहिला. कडूबाचा शेवटचा घास उतरेपर्यंत तू परातीशी बसायचीस.

काटा हळूहळू पुढे सरकला. तो मीच वाचायची. "पोरगं भरलं गं" असं कुणी म्हटलं, की तू त्याला पदराखाली ओढायचीस. आता नजरेचं भय.

मारुतीला नवस बोललीस, कडूबाच्या वजनाइतक्या गुळाची तुळा. "तुम्ही बराबर चला. मी बसवते, काटा तुम्ही बघा." मी तयारच होते. पण दर हनुमान जयंतीला मी दारात आले, की तू आतूनच सांगायचीस, "यंदा नको, बाई. एवढ्या लोकांच्या डोळ्यांदेखत?" कडूबाला मिसरूड फुटलं, मोंढ्यात धान्याची पोती उचलायला लागला. ती तुळा आपण केली नाही.