झाकीच्या फळ्यांची पेटी

दुकानदाराने काउंटरवर दोन मदरबोर्ड शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "भिया, जल्दी बोलो. पीछे और भी लोग खड़े हैं."

मागे कुणी नव्हतं. फक्त माझे बाबा होते, कापडी पिशवी पोटाशी धरून. पिशवीत मिलचे पैसे होते.

मिल बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. कोर्टकचेरी होऊन थकबाकीचा एक हप्ता तेवढा हातात आला होता, पुढचा येईल की नाही हे कुणीच सांगत नव्हतं. मी बेटम्याला मामाकडे राहून शाळा शिकलो, इंदूरला परत येऊन कॉलेज केलं आणि हप्ता आला त्याच वर्षी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. पलासियाच्या एका कोचिंग क्लासमध्ये नोट्स टाइप करायचं तात्पुरतं काम मिळालं होतं. घरच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवू, चाळीतली मुलं तासावर गेम खेळायला येतील, ही कल्पना माझी होती. बाबांनी ती दोन दिवस मनात घोळवली आणि एवढंच म्हणाले, "तू शिकलेला आहेस. सामान तू निवड."

निवडताना चुकून चालणार नव्हतं.

कारण दुसरी वाटही समोर होती. बाबांचे मिलमधले जुने जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, पलासियाच्या एका दवाखान्यात रखवालदार होते. तिथे आणखी एक जागा होती आणि सोमवारी बाबांचं उत्तर हवं होतं. कामाची लाज बाळगणारे बाबा नव्हते. पण आईला एकदा ते म्हणाले होते, "साच्यावर उभं राहिलो की सगळं खातं हलायचं. आता दारात उभं राहायचं, अन् आपण हललेलंही चालायचं नाही." साचा म्हणजे विणाईचा माग. बाबा जन्मभर विणाई खात्यात होते. पैसे बुडाले तर सोमवारी शिट्टी आणि टोपी घेण्यावाचून इलाज नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मुलांना काय हवं ते मला पक्कं ठाऊक होतं. पलीकडच्या गल्लीत टीव्हीवर खेळायचं पार्लर होतं, त्याला ती कंटाळली होती. त्यांना ती नवी गाड्यांची शर्यत हवी होती, जिच्यात वळणावर धूळ उडते आणि काचेत मागची गाडी दिसते. त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागायचं. काउंटरवरच्या स्वस्त बोर्डात चित्र दाखवायची सोय आतच होती, पण पुढेमागे कार्ड लावायचं म्हटलं तर त्यात खाचच नव्हती. दुसऱ्या बोर्डाला खाच होती. तो बोर्ड आणि कार्ड यांची मिळून किंमत आमच्या पिशवीत मावत नव्हती.

मी एकेक वस्तू कमी करत गेलो. स्पीकर नको, घरी गणपतीच्या झाकीचा ॲम्प्लिफायर आहे. मॉनिटर नवा नको, कडा पिवळ्या पडलेला जुना चालेल. तरीही थोडे पैसे कमीच पडत होते. मी पुन्हा एकदा बेरीज करून पाहिली.

"नहीं जमता तो सस्ता वाला ले जाओ," दुकानदार म्हणाला. "बच्चों को क्या समझता है?"

"सेठजी, त्यांनाच तर समझतं," बाबा पहिल्यांदा बोलले. मग त्यांनी बाजूच्या कॉम्प्युटरच्या पांढऱ्या रिकाम्या कॅबिनेटवर टिचकी मारली. "ह्या डब्यात काय आहे?"

"पावर सप्लाय है, अंकल. बाकी हवा."

"मग हवेचे पैसे कशाला? पावर सप्लाय खुला द्या. हवा आम्ही घरची वापरू."

दुकानदार हसला. रिपेअरिंगच्या टेबलावरून त्याने एक सुटा पावर सप्लाय आणला, काउंटरवरच सगळं जोडलं, पडद्यावर गाडी पळवून दाखवली आणि म्हणाला, "चालू करके दे दिया. घर जाके कार्ड जल गया तो मेरे पास मत आना."

रिक्षात मी ते कार्ड मांडीवर धरून बसलो होतो. प्रत्येक खड्ड्याला बाबा माझ्या हातांकडे बघत.

अनंत चतुर्दशीला मिलच्या झाक्या निघतात, दिव्यांनी झगमगणारे हलते देखावे, ते इंदूरच्या माणसाला सांगायला नको. मिल बंद पडली तरी कामगारांनी वर्गणी काढून झाकी चालूच ठेवली होती आणि मान हलवणारे देव, शेपूट हलवणारा नाग ही बाबांची कामं असत. जुन्या समुद्रमंथनाच्या झाकीच्या फळ्या आमच्या पोटमाळ्यावर होत्या. त्यांतून बाबांनी पेटी केली. बोर्डाखाली लाकडी गुटके बसवले, कार्डासाठी बरोबर मापाची फट कापली. फळ्यांवरच्या निळ्या लाटा तशाच राहू दिल्या आणि कडेने सोनेरी पट्टी ओढली.

"देव्हारा केलाय की कॉम्प्युटर?" आई म्हणाली. "उदबत्ती कुठं लावू?"

मग बाबा मला म्हणाले, "रुईचा कण बसला की साचा गेला समज. ह्यात धूळ जाता कामा नये." मलाही ते पटलं. आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढाव्या लागत. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, वर प्लास्टिकची आवरणं. तेव्हा बापलेकांनी मिळून पेटीचा एकेक सांधा सरसाने बुजवला आणि मागच्या जाळीवर दुहेरी मलमल ताणून बसवली. मी वरून बोट फिरवून पाहिलं. कुठे केसाएवढी फट राहिली नव्हती. मला फार समाधान वाटलं.

रविवारी दुपारी चाळीतली तीन मुलं आली. आईने त्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. सगळ्यांत लहानगा खुर्चीवर बसला, त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. गाडी सुटली, धूळ उडाली, झाकीच्या ॲम्प्लिफायरमधून असा आवाज निघाला की शेजारच्या काकू दारात आल्या. बाबा भिंतीला टेकून मुलांकडे बघत होते. पडद्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

आणि वळणावर गाडी थांबली. नुसती गाडी नाही, उडालेली धूळसुद्धा.

"भिया, अटक गई!"

त्या दिवसांत लाईट केव्हाही जायची. मी सवयीने वर पाहिलं. बल्ब जळत होता. लाईट गेली असती तर किती बरं झालं असतं, असं आयुष्यात त्या एकदाच वाटलं. मी कळा दाबल्या, काही नाही. बंद करून परत चालू केला, तर पडद्यावर आडव्या रेघा आल्या आणि मग काळोख.

"जल गया क्या?" थोरल्याने विचारलं.

"पैसे वापस दो ना, अंकल," मधला म्हणाला.

"दे त्याला," आई म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की मला तिच्याकडे बघवेना.

जल गया तो मेरे पास मत आना. माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य फिरत होतं. बाबा पुढे आले आणि त्यांनी पेटीच्या लाटांवर तळवा ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. पटकन काढून घेतला.

"अरे, हा भाजतोय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लॅबमध्ये खिडक्या बंद असत, पण आत एसी असायचा! आणि दुकानात हेच सगळं काउंटरवर उघडं पडून चाललं होतं. मी तसं सांगितलं. "म्हणजे दुकानातल्या त्या डब्यात हवाच पाहिजे होती," बाबा म्हणाले.

प्लग काढला. पटाशीने झाकण उचकटलं. गरम वाफ तोंडावर आली, तिला सरसाचा वास होता. बाबा पुठ्ठ्याने वारा घालू लागले. मुलं घरी जायला तयार नव्हती, ती उकिडवी बसून आळीपाळीने पेटीत फुंकर मारत होती आणि मी ओरडत होतो, "अरे थुंकी उडेल!" कार्डाला हात लावून बघायची माझी हिंमत होत नव्हती. बाबांनीच बोट टेकवून सांगितलं, "निवलं."

मी बटण दाबलं. आधी नुसताच पंख्याचा आवाज. पडदा काळा. आईने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मग एक टिक झालं, अक्षरं उमटली, आणि थोड्या वेळाने रस्ता दिसला, त्यावर गाडी उभी.

मुलं नाचायला लागली. मी तिथेच जमिनीवर बसकण मारली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, बाबांनी पेटीचा मुखवटा, म्हणजे पुढची फळी, काढून मांडीवर घेतला आणि करवतीने लाटांच्या बरोबर मधोमध गोल भोक पाडायला सुरुवात केली. झाकीत देवाचा शेला उडवायला वापरायचे तो छोटा पंखा तिथे बसणार होता. तोवर लहानगा येऊन उघड्या पेटीवरच खेळायला बसला होता. शाळा बुडवून आलाय का, हे त्याला कुणी विचारलं नाही.

एवढ्यात जॉबर दारात सायकल लावून उभे राहिले. "काय रे, दवाखान्यात साहेबांना काय सांगू? आज उत्तर पाहिजे ना."

बाबांनी करवत थांबवली नाही. भुसा त्यांच्या मांडीवर पडत होता.

"जरा थांबा, जॉबरजी," ते म्हणाले. "गिऱ्हाईक बसलंय."