खाऱ्या पाण्याचा परीक्षक

संशोधनाचा लेख छापून आला की लेखकाचं नाव ठळक अक्षरांत येतं. तो छापण्याआधी ज्यानं ओळ न् ओळ वाचली, आकडे पुन्हा मांडून पाहिले, चुका हेरल्या, त्याचं नाव कुठेच येत नाही. तो कोण, हे लेखकालाही सांगायचं नाही असा दंडक आहे. दंडक चांगला आहे, हे मला पटतं. मी स्वतः पुढे कितीतरी लोकांचे लेख असेच आडून तपासले. तरी त्या दंडकावर माझा राग आहे आणि तो या जन्मात जायचा नाही.

आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची ही गोष्ट. मी अमरावतीला कॉलेजात रसायन शिकलो. शिकवणारे सर दर्यापूरकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरचे. वर्गात इंग्रजी बोलायचे आणि चिडले की थेट वऱ्हाडीवर यायचे. बाहेरून आलेली मुलं दचकायची. आम्हाला मात्र घरी आल्यासारखं वाटायचं. डिंक हे त्यांचं वेड. डिंक, कापूस, रबर या वस्तू साखळीसारख्या लांबच लांब रेणूंच्या बनलेल्या असतात, हा विचार तेव्हा युरोपात नुकताच रुजत होता. आज पोरंसोरंही पॉलिमर म्हणतात, पण तेव्हा तो शब्द आमच्या कानावरून क्वचितच जायचा. सर मेळघाटातून धावड्याचा डिंक आणवायचे, तो पाण्यात विरघळवायचे आणि काचेच्या बारीक नळीतून ते पाणी किती वेळात खाली उतरतं ते बघत बसायचे. साखळ्या जितक्या पसरलेल्या, तितकं पाणी दाट, तितका वेळ जास्त. मी शेजारी उभा राहून वेळ मोजायचो. तेवढा आनंद मला नंतर कशातच झाला नाही.

परीक्षा झाल्यावर त्यांनी मला हाताखाली काम करायला ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. राहायला खोलीसुद्धा त्यांनीच बघून ठेवली होती. तेवढ्यात अकोल्याला वडील अंथरुणाला खिळले. आमचा भाजीपाल्याचा मळा, खाणारी तोंडं बरीच, आणि थोरला मी. निरोप घ्यायला गेलो तर सर नळीवरची नजर न काढता म्हणाले, "जाय." एवढंच. पुढे मी अकोल्याहून पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. रागावले होते की नुसतेच गप्प झाले होते, कळायला मार्ग नव्हता. मला फार काही नको होतं. मी जे करतोय ते चांगलं आहे, एवढं त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. त्या एका वाक्यासाठी मी किती वर्षं झुरलो हे सांगायला आज लाज वाटत नाही.

जुन्या शहरात आमचं घर. तिथून मोर्णा नदी ओलांडून मी एका हायस्कुलात शास्त्र शिकवायला जायचो. शाळा सुटली की तिथल्या छोट्याशा प्रयोगशाळेत माझा डिंकाचा खेळ सुरू. हेडमास्तर भले गृहस्थ; फक्त आग लावू नका म्हणाले. आईला मात्र ते काही झेपलं नाही. "लाडवाचा डिंक नळीत घालून काय पाहून राहिला रे? लाडू खाय न गप," असं ती येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणायची, आणि माझं लग्न का जमत नाही याचं कारणही तेच सांगायची.

बरेच दिवस मोजमापं केल्यावर मला एक गोष्ट दिसली. तोच डिंक, तेच प्रमाण, पण उन्हाळा चढत जाईल तसं त्याचं पाणी पातळ होत होतं. डिंक साठवणीत म्हातारा होतो, उष्णतेनं त्याच्या साखळ्या तुटतात, असा निष्कर्ष मी काढला. छाती फुगली. छान इंग्रजीत लेख लिहिला आणि कलकत्त्याला रसायनाच्या एका नियतकालिकाकडे पाठवून दिला. सर हे नियतकालिक वाचतात हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर लेख मी त्यांनी वाचावा म्हणूनच लिहिला होता.

काही महिन्यांनी संपादकांकडून परीक्षकाचं टिपण आलं. टंकलेखन केलेलं, खाली सही नाही. त्यात कुठेही "चूक" असा शब्द नव्हता, नुसते प्रश्न होते. लेखक पाणी कुठून घेतो? विहीर पूर्णा नदीच्या खाऱ्या पट्ट्यातली आहे काय? उन्हाळ्यात त्या विहिरीचं पाणी खाली जातं काय? पाणी ऊर्ध्वपातित केलं असेल तर आच किती ठेवली होती? आणि शेवटी: लेखकाने आपलं शुद्ध पाणी कधी तपासून पाहिलं आहे काय?

मी टिपण खाली ठेवलं आणि शाळेत पळालो. वाफ थंड करणाऱ्या नळीखालच्या बाटलीतलं, मोठ्या तोऱ्यात "शुद्ध" अशी चिठ्ठी लावलेलं पाणी घेतलं, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. मीठ!

झालं होतं असं, की मी घाईच्या मारे जाळ मोठा करायचो. पाणी भांड्यात उसळ्या घ्यायचं आणि वाफेबरोबर खारे तुषारही पलीकडे जायचे. आणि डिंकाच्या पाण्यात मीठ गेलं की त्या लांब साखळ्या आखडून घेतात, पाणी पातळ होतं. उन्हाळ्यात विहीर आटत जाते, उरलेलं पाणी जास्त खारट होतं. डिंक म्हातारा होत नव्हता, विहीर खाली जात होती. दुसरीकडच्या कुणालाही पहिल्या घोटाला समजलं असतं. आमच्याकडे पाहुणे पाणी पिताना तोंड वाकडं करतात आणि आम्ही त्यांना नखरेल म्हणतो. आमच्या जिभेला ते पाणी गोडच लागतं. बटाटेवाल्याला मातीचा वास येत नाही, तसा मला खारेपणा कधी जाणवलाच नव्हता. तो लेख तसाच छापून आला असता तर माझं हसं झालं असतं.

मग दुसरा विचार आला आणि मी तिथेच स्टुलावर बसलो. पूर्णेचा खारा पट्टा! कलकत्त्याच्या किंवा बंगलोरच्या माणसाला तो काय माहीत? हा परीक्षक त्याच पाण्यावर वाढलेला होता. आणि चूक न म्हणता प्रश्नावर प्रश्न विचारायची ही खोड मी अमरावतीला वर्षानुवर्षं सोसली होती. माझं नाव लेखावर होतंच. म्हणजे सरांनी ओळखून, बसून, माझं अक्षर न् अक्षर वाचलं होतं. मी एकटाच त्या प्रयोगशाळेत हसलो आणि डोळे पुसले.

पावसाचं पाणी धरून, मंद आचेवर गाळून, सगळी मोजमापं मी नव्यानं केली. मीठ घातलं की डिंकाचं पाणी किती पातळ होतं, हाच आता लेखाचा विषय झाला, आणि पहिल्यापेक्षा तो कितीतरी चांगला झाला. तो स्वीकारला गेल्याचं कळताच मी गाडी पकडली, बडनेऱ्याला बदलली आणि सरांच्या दारात उभा राहिलो. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, हसून आत घेतलं. सरांचे केस पांढरे झाले होते. कागद अगदी नाकाशी धरून काहीतरी वाचत होते. त्यांनी वडिलांचं विचारलं, मळ्याचं विचारलं, यंदा संत्र्याला बहार कसा आहे ते सांगितलं. लेखाचं नाव नाही. शेवटी मीच म्हणालो, "सर, कलकत्त्याच्या परीक्षकानं माझी लाज राखली. तो कोण असेल?"

"मले काय माईत? कलकत्त्याचे लोक हुशार असतेत बावा."

"त्यांना आपल्या विहिरी कशा माहीत?"

"नकाशा पाह्यला असन." ते चष्मा पुसू लागले. "तुले काय करायचं हाय? त्यानं विचारलं, तू उत्तर देल्लं. झालं. नाव समजलं तं उद्या तू त्याच्या तोंडाकडे पाहून लिहिशीन."

मी हट्ट केला नाही. मनातून मात्र खट्टू झालो. इतक्या लांब आलो होतो, एक वाक्य हवं होतं, ते मिळालं नाही. लेखाच्या शेवटी मी "अनामिक परीक्षकाचा ऋणी आहे" अशी ओळ घातली. लेख छापून आल्यावर शाळेनं माझा सत्कार केला. गावात कौतुक झालं, आईनं डिंकाला नावं ठेवणं बंद केलं. खांद्यावर शाल पडली तेव्हा ती अर्धी फाडून अमरावतीला धाडावी असं मला वाटत होतं. कुणाच्या नावानं धाडायची?

मग मी दुसरा लेख हाती घेतला. लग्न, वडिलांचं जाणं, लढाईतली महागाई या सगळ्यातून तो रेटला. या खेपेला छापून येण्याची मला पर्वा नव्हती. मला ते प्रश्न हवे होते. लिहिताना प्रत्येक परिच्छेदाशी थांबून मी विचार करायचो, इथे सर काय विचारतील? एकेका जागी तर त्यांच्याशी चक्क भांडायचो. लेख पाठवला आणि रोज पोस्टमनची वाट बघू लागलो.

टिपण आलं. दोन ओळींचं. लेख उत्तम आहे, कोणताही बदल न करता छापावा.

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी पेढे मागितले. मी पैसे दिले आणि रजेचा अर्ज लिहिला. सरांनी एकही प्रश्न विचारला नाही, असं होणंच शक्य नव्हतं.

दार काकूंनीच उघडलं. त्यांच्या कपाळाकडे बघून मला समजलं. "दिवाळीच्या आदी गेले," त्या म्हणाल्या. "कोनाले कयवू नका म्हनले होते. बस."

त्यांनी चहा केला. मग आपणहून सांगू लागल्या. सरांची नजर आधीच गेली होती. कलकत्त्याहून तपासायला येणारी पाकिटं ते परत पाठवू लागले होते. त्यात एक माझं आलं. शेजारच्यानं पाकिटातलं संपादकांचं पत्र वाचून दाखवलं, त्यात माझं नाव होतं.

"ते काई वापस करू देईनात," काकू म्हणाल्या. "उशाशी ठिवलं. मले म्हनत, पानं मोठी हायेत का? आकृत्या कितीक हायेत? मले इंग्रजी येते का? मी पानं उलटू न सांगो, इथं रेघा हायेत, इथं आकडे हायेत. ते त्याच्यावरून हात फिरवत. मी म्हनलं, अकोल्याले निरोप धाडतो, तो येऊन वाचून दाखवीन. तं म्हनले, नाई. ज्याचं तपासाचं त्यालेच कसं बलवाचं? त्याले समजन." त्यांनी माझा कप पुन्हा भरला. "मंग एक दिवस म्हनले, पोरगा चांगलं काम करून राहिला, आपल्यापायी त्याचं अडू नये. न वापस धाडलं."

ते वाक्य मला असं मिळालं; दोन ओळींचं टिपण दुसऱ्याच कुणाचं होतं. अमरावती अकोल्याहून जवळ आहे, गाडी दिवसातून अनेकदा सुटते. मी अनवाणी आलो असतो. पहिल्या पानापासून वाचलं असतं, त्यांनी पदोपदी अडवलं असतं, आणि मी भांडलो असतो.

काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं, "मी निरोप धाडला असता, तं तू आला असता?"

"आलो असतो," मी म्हणालो.

"मले वाटलंच होतं," असं म्हणून त्या कप उचलून आत गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.